अश्विनीचा हेवा

अश्विनी गेल्याची बातमी कॉलेजातल्या ऑनर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी आली. मी त्या ग्रुपवर नाही. चाकणला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणाचं ताट हातात घेऊन मी बसायला जागा शोधत होते, तेवढ्यात केतनचा फोन आला. केतन म्हणजे कॉलेजात तिच्याबरोबर ऑनर्सला असलेला मुलगा. "मंजिरी, तुला कळलंच असेल..." एवढंच तो म्हणाला. मला कळलेलं नव्हतं. ती आजारी आहे हे ठाऊक होतं, आदल्याच आठवड्यात मी तिला भेटून आले होते. पण ती सकाळी गेली, बंगळूर आणि जर्मनीत असलेल्या तिच्या सोबत्यांना ते लगेच कळलं, आणि तासाभराच्या अंतरावर असलेली मी मात्र निवांत चपात्या वाढून घेत होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हेच, की त्यांना माझ्याआधी का कळावं? हे वाचून कुणाला चमत्कारिक वाटेल. अश्विनीला वाटलं नसतं. आमच्या मैत्रीत हेवा ही लपवून ठेवायची गोष्ट कधीच नव्हती.

ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी रहाटणीची, बाबा बँकेत, आई शाळेत. ती काळेवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. तिचे वडील लातूरकडून कामासाठी इकडे आलेले, कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग काढायच्या खात्यात, होते. आमची बस एकच, त्यामुळे ओळख झाली. आणि मी मांडीवर वही घेऊन एखाद्या गणिताशी झटत असले की शेजारून ती उत्तर सांगून मोकळी व्हायची, त्यामुळे ओळख वाढण्याआधीच मला तिचा राग येऊ लागला. पुढे ती रविवारी आमच्या घरी अभ्यासाला येऊ लागली. बाबांचं रविवारचं शब्दकोडं लहानपणापासून माझ्या मालकीचं होतं. आम्ही दोघं मिळून ते सोडवायचो. एका रविवारी मी आंघोळ करून आले तर बाबा पेपर घडी करून बसलेले. म्हणाले, "थांब, अश्विनी येऊ दे, तिला चांगलं सुटतं." त्या दिवशी मी तिला पोह्यांवर खोबरं वाढलं नाही, एवढं मात्र आठवतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ऑनर्सची नोटीस लागली. कॉम्प्युटर आणि मेकॅनिकल अशा दोन्हीकडची मोजकी मुलं निवडायची, नेहमीच्या पदवीशिवाय त्यांना जादा विषय शिकवायचे, एका प्राध्यापकाच्या हाताखाली मोठा प्रोजेक्ट करून घ्यायचा, आणि पदवीवर तशी वेगळी नोंद करायची, असा तो प्रकार. मी अर्ज केला आणि तिलाही करायला लावला. ती तयार नव्हती. संध्याकाळी ती शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, त्या बुडाल्या असत्या. मीच तिच्या मागे लागले... एकटीनं जायची मला भीती वाटत होती. लेखी परीक्षा दोघींनाही बरी गेली. मग मुलाखत. तुम्हाला ऑनर्सला का यायचंय, हा प्रश्न येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी उत्तर पाठ केलं होतं, आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं होतं, आणि ते मी न अडखळता म्हटलं. माझ्यानंतर ती आत गेली. ती बाहेर येताना आतून सरांच्या हसण्याचा आवाज आला. मी विचारलं, "काय सांगितलंस?" तर म्हणाली, "खरं ते सांगितलं. म्हटलं, सर, आपला अभ्यासक्रम लई लवकर संपायलाय. त्याच्या फुडं काय असतंय ते बघायचंय."

तिला घेतलं. मला नाही.

निकाल लागला त्या संध्याकाळी ती पेढे घेऊन आमच्याकडे आली. आईनं तिला जवळ घेतलं, बाबांनी पाठ थोपटली. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. ती तिथं आली, दोरीवरचा एक टॉवेल ओढून घडी घालायला लागली आणि खाली बघत म्हणाली, "का गं, जळायलीस का?"

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं. नाही म्हणली असतीस तर मी पेढे परत नेले असते."

पुढचे काही महिने वाईट गेले. तिचे जादा तास दुपारनंतर असत, त्यामुळे बसमध्ये मी एकटी. ती पाचव्या मजल्यावरच्या ऑनर्सच्या लॅबमध्ये डबा खाऊ लागली. तिच्या बोलण्यात सारखं 'आमच्या ऑनर्सला' यायचं, केतन यायचा, आणि ज्यात मी नव्हते असे विनोद यायचे; ते सांगताना ती मध्येच थांबायची, कारण ते सांगून कळण्यासारखे नसत. रविवार मात्र तिनं सोडला नाही. आठवड्यात वरती जे शिकवलं असेल ते ती मला सांगायची. पहिल्यांदा मी म्हटलं, मला नको तुझं उष्टं. तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. "जळायचंय तेवढं जळ. पण हे वाचून जळ." मी वाचलं. इतक्या रागानं मी आयुष्यात दुसरं काही वाचलेलं नाही, आणि इतकं नीट दुसरं काही कळलेलंही नाही.

तिसऱ्या वर्षात एक मुलगा ऑनर्स सोडून गेला. अश्विनी धावत जिने उतरून आली. "जागा झाली. ये."

"तू शब्द टाकलास म्हणून घेणार असतील तर मला नकोय."

"मी कोण लागून गेले शब्द टाकणारी? दे की परीक्षा!"

दिली. मुलाखतीला तेच आगाशे सर, ऑनर्सचे प्रमुख, प्रश्नही तोच. पाठ केलेलं उत्तर तोंडाशी आलं होतं, पण ते म्हणायचाच कंटाळा आला. मी म्हटलं, "सर, माझी मैत्रीण इथं आहे. तिला जे कळतं ते मला कळत नाही, हे सहन होत नाही." सर हसले नाहीत. माझ्या पेपरकडे बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "तुला घ्यायला हवं होतं आधीच. आता निम्मं सत्र गेलंय, नियमात बसत नाही. नोंद होणार नाही, हजेरी लागणार नाही. नुसतं येऊन बसायचं असेल तर मागं बस." मी मागं बसले, शेवटच्या सत्रापर्यंत. माझ्या पदवीवर ऑनर्सची अक्षरं नाहीत. केलेलं मात्र सगळं आहे.

जवळून पाहिलं की हेवा ओसरेल असं मला वाटलं होतं. तो वाढला. कारण तिचं डोकं किती चालतं हे मला आधीच माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की सगळे समजल्यासारख्या माना डोलवत असताना ती एकटी हात वर करून "नाही कळलं सर" म्हणते, आणि कळेपर्यंत तास पुढं जाऊ देत नाही. तिच्या हुशारीचा नव्हे, त्या धिटाईचा मला खरा हेवा वाटला. अजून वाटतो. त्यांचा प्रोजेक्ट होता तो यंत्रावरून निघणारे सुटे भाग कॅमेऱ्यानं तपासायचा. कॅमेरा तेलाच्या डागाला तडा समजायचा आणि चांगले भाग बाद करायचा. डाग आणि तडा वेगळे ओळखणारा भाग मी लिहिला होता. सादरीकरणाच्या दिवशी पाहुण्यांनी नेमकं त्यावरच विचारलं. केतननं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात अश्विनी म्हणाली, "ते मंजिरीचं काम आहे. यादीत तिचं नाव नाही, पण ती बसलीय बघा मागं." सगळ्यांनी वळून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाताना बसमध्ये मी विचार करत होते, तिच्या जागी मी असते तर हे इतक्या सहज बोलले असते का... तिथंही ती पुढंच.

कॉलेजनंतर तिनं चाकणला कॅमेरा-तपासणीचंच काम धरलं, पुनावळ्यात फ्लॅट घेतला, आईवडिलांना तिकडं नेलं. मीही चाकणलाच. भेटी कमी झाल्या, रविवारचे फोन उरले. मग गेल्या हिवाळ्यात रक्ताचा कॅन्सर निघाला.

शेवटच्या भेटीत ती उशीला टेकून बसली होती. डोक्याला स्कार्फ, मनगटं काडीसारखी. मला टीम लीड केल्याचं मी सांगणार नव्हते. तिनंच खोदून काढलं. "काय करावं लागतं मग?"

"काही नाही गं. सोमवारी सकाळी एक मीटिंग घ्यायची. कुणाचं काय अडलंय ते विचारायचं. जांभया देतात सगळे."

ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाली, "आता मी जळायले बघ. तुझ्या त्या सोमवारच्या मीटिंगवर सुद्धा."

मी तिचे पाय दाबत बसले.

कॉलेजनं शोकसभा घेतली. स्टेजवर तिचा मोठा फोटो होता, कॉलेजच्या निरोप समारंभाचा, पिवळ्या साडीतला. बोलणारे एकामागून एक म्हणत होते, आमच्या ऑनर्सची अश्विनी, आमची अश्विनी... मी मागच्या रांगेत बसून धुमसत होते. तो फोटो मी काढलेला आहे. ती हसतेय ती माझ्याकडे बघून, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मी मात्र बोलायला उठले नाही.

नंतर केतनचा फोन आला. ऑनर्सच्या नव्या बॅचच्या मुलांना अश्विनीबद्दल कुणीतरी सांगावं असं आगाशे सरांना वाटत होतं. "तू जा," तो म्हणाला. "आम्हाला ती प्रोजेक्टपुरती माहितीय गं. घरी कशी होती, कशाला हसायची... आम्ही काय सांगणार?" मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, तो हे म्हणाला त्याचं मला बरं वाटलं.

मी पाचव्या मजल्यावरच्या त्याच लॅबमध्ये गेले, बोलले. मुलं कोवळी होती, मन लावून ऐकत होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही त्यांच्याच ऑनर्सच्या बॅचच्या का?" मी म्हटलं, "बॅचमध्ये नव्हते. तिच्याबरोबर होते." मुलं पुढच्या तासाला निघाली, मी पर्स उचलली. दाराशी स्विचबोर्डच्या वर एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसली, चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावलेली. अक्षर अश्विनीचं. 'शेवटी जाणाऱ्यानं पंखा बंद करावा. चेष्टा नाही.' मी दारातल्या मुलाला विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"माहीत नाही मॅडम. आधीपासूनच आहे. पण आम्ही करतो बंद, रोज."

तो गेला. ही मुलं तिला ओळखतही नाहीत, आणि रोज तिचं ऐकतात... त्यांचाही मला हेवा वाटला. खोलीत मी एकटीच उरले होते. मी पंखा बंद केला, आणि तो पुरता थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले.