दाजींनी वाचवलेली राज्यं

आमच्या दाजींनी आजवर किमान चाळीस राज्यं वाचवली आहेत, आणि त्यातल्या एकाचंही नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वैजापूरचे. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासून पास-नापास करायचं काम ते कित्येक वर्षं करताहेत. शहरात गारखेड्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, आणि कामावरून आल्यावर ते व्हिडिओ गेम खेळतात. गाड्या पळवायचे किंवा बंदुका झाडायचे नव्हेत. त्यांचे गेम वेगळे. त्यात आपण कुणीतरी व्हायचं, तीन-चार सोबती जमवायचे, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि सरतेशेवटी त्या मुलखावर आलेलं संकट निवारायचं. एकेक गेम दोन-दोन महिने पुरतो. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावरचे केस मागं सरकलेला, घरात बनियन आणि लुंगीवर बसणारा हा गृहस्थ टीव्हीसमोर मांडी घालून बसला की ताई शेजारणीला सांगते, की हे बाहेरगावी गेलेत.

ह्या प्रकारातही काही जगप्रसिद्ध मालिका आहेत. त्यांचे भागांमागून भाग निघतात, त्यांची चित्रं पोरांच्या टीशर्टवर असतात. दाजी त्यांच्याकडं ढुंकून पाहत नाहीत. मी एकदा विचारलं, की एवढं सगळं जग ते खेळतं, तर तुम्हीच का नाही. त्यावर ते म्हणाले, “त्यांच्याकडं सगळेच जातात रे. मी गेलो नाय तर ह्यांच्याकडं कोण जाणार?” हे त्यांनी अशा सुरात म्हटलं, की ते गेम म्हणजे जणू आडगावी एकटे राहिलेले चुलते. मग त्यांनी मला त्या चुलत्यांची ओळख करून दिली. एका गेमची नायिका मीठ विकणारी विधवा होती, तिच्याजवळ एक खेचर आणि एक कंदील, बाकी काही नाही. दुसऱ्या एकात नायक इतका म्हातारा, की चार पायऱ्या चढला की त्याला बसवावं लागायचं. तिसरा कुठल्याशा थंड देशातल्या तिघा मित्रांनी बनवला होता आणि त्यातलं इंग्रजी इतकं अगम्य होतं, की दाजींनी मांडीवर शब्दकोश घेऊन तो संपवला आणि त्या तिघांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं, की गेम शेवटपर्यंत खेळलेला माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटतोय.

दाजींचं खेळणं मुकाट नसतं. पडद्यावर उमटणारं प्रत्येक वाक्य ते मोठ्यानं मराठीत सांगतात, समोर कुणी असो वा नसो. आणि प्रत्येक पात्राला त्यांनी आपापली बोली दिलेली आहे. राजा नेहमी तहसील कचेरीतल्या साहेबासारखा बोलतो, “अर्ज ठेवून जा, बघू.” हत्यारं विकणारा हटकून दख्खनीत येतो, “क्या होना साब, तलवार दिखाऊं क्या?” म्हातारे जादूगार वैजापूरच्या मोंढ्यातल्या धान्याच्या अडत्यासारखे खाकरून बोलतात. चेटकिणीला मात्र दाजी स्वतःच्या आईचा आवाज देतात, आणि तोही आई वैजापूरला असेल तेव्हाच.

ह्या गेमांचा एक नियम असा, की गावात शिरलं की प्रत्येकाशी बोलायचं, कारण कुणाला काय ठाऊक असेल ते सांगता येत नाही. दाजींनी हा नियम बाहेरही लागू केला. कोथिंबीर आणायला गेलेले दाजी दोन तासांनी परततात, आणि तोवर त्यांना भाजीवालीच्या जावयाची बदली आणि रसवंतीवाल्याचा मूतखडा ह्यांची सविस्तर माहिती झालेली असते. आमच्या एका आतेबहिणीच्या लग्नात ऐनवेळी अंतरपाट सापडेना. मुहूर्त जवळ आलेला, गुरुजी रागावलेले, आत्या रडकुंडीला आलेली. दाजी शांतपणे उठले, भटारखान्यात गेले आणि अंतरपाट घेऊन आले. सकाळी आल्या आल्या ते मांडववाला, आचारी, भांडी घासणाऱ्या बाया आणि बँडमधला सनईवाला अशा सगळ्यांशी एकेक करून बोलून आले होते. त्यात त्यांना कळलं होतं, की मसालेभातावर झाकायला आचाऱ्यानं कुठलंसं नवंकोरं धोतर घेतलंय. अंतरपाटाला मसालेभाताचा वास येत होता, पण लग्न वेळेवर लागलं.

दुसरी खोड साठवण्याची. गेममध्ये मिळालेली औषधी मुळी ते कधी वापरत नाहीत. पुढं मोठं संकट येईल, तेव्हा लागेल म्हणतात. संकट येतं, सोबती जायबंदी होतात, तरी मुळी पिशवीतच. घरी आलेल्या आंब्याच्या पेटीचंही तेच होतं. ताईनं आता पेटी उघडायचं काम स्वतःकडं घेतलंय.

हा माणूस आमच्या घरात जावई म्हणून येता येता राहिला होता. दाजी सोयगावला आमच्याकडं मुलगी बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांना विचारलं, की फावल्या वेळात काय करता. दाजींना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, “व्हिडिओ गेम खेळतो. पण नावाजलेले नाय.” ही दुसरी माहिती त्यांनी स्वतःच्या बाजूनं दिली होती. अण्णांना ती पहिलीपेक्षा वाईट वाटली. अण्णा पुष्कळ रानाचे मालक, बांधाच्या भांडणात पंचक्रोशी त्यांच्याकडं यायची, आणि त्यांच्या मते माणसानं फावल्या वेळात एक तर हिशेबाचं बोलावं किंवा झोपावं. ताईनं हट्ट धरला म्हणून लग्न झालं. पुढं पाव्हण्यारावळ्यांत जावयाची ओळख करून देताना अण्णा “कंपनीत हायेत” एवढं म्हणून विषय बदलत. ताईच्या घरी आले तर टीव्ही सुरू होण्याआधी उठत. इतकी वर्षं सासरा-जावयात पाऊसपाण्यापलीकडं बोलणं झालं नसेल.

आणि मग एका उन्हाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पाय महिन्याभरात सावरला, उजवा हात लुळा राहिला, पण सगळ्यात वाईट म्हणजे वाचा अडली. काय म्हणायचंय ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं, शब्द मात्र हाताला लागायचा नाही. पाणी म्हणायचं असायचं आणि तोंडातून बैल यायचा. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून त्यांना ताईकडं आणलं. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या समोर त्यांची खाट टाकली, कारण दुसरी जागाच नव्हती.

बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या सोबत चित्रांचे पत्ते आणायच्या, गाय, पेला, छत्री असे. बाई भल्या होत्या, पण अख्ख्या गावाचे तंटे सोडवलेल्या माणसाला छत्रीचं चित्र दाखवून हे काय आहे असं विचारलं, की त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. एक दिवस अण्णांनी डाव्या हातानं पत्ते फरशीवर लोटून दिले. त्यात आमची घाई. ते तोंड उघडायचे, आणि त्यांना शब्द सापडायच्या आत आम्ही तीन शब्द पुढं करायचो. चहा का? बाहेर जायचंय का? उशी देऊ का? ह्यात मी सगळ्यात पुढं. शेवटी अण्णांनी तोंड उघडणंच सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

दाजींनी काही दिवस गेम बंद ठेवला होता. एका रविवारी दुपारी त्यांनी खाटेजवळ जाऊन विचारलं, “मामा, मी जरा खेळू का? आवाज कमी ठेवतो.” अण्णांनी होकाराची मान हलवली नाही, नकारही दिला नाही. मला दाजींचा राग आला. घरात एवढं चाललंय आणि ह्यांना खेळ सुचतोय, असं मी ताईला म्हणालोही.

त्यांनी लावलेला गेम असाच कुणाला ठाऊक नसलेला. एका मुलखातल्या नदीचं पाणी आटत चाललेलं असतं आणि चौघं जण ते का आटतंय हे शोधत उगमाकडं निघालेले असतात. लढाईसुद्धा सावकाश, पाळीपाळीनं. दाजी नेहमीसारखे सगळं मोठ्यानं सांगत होते, फक्त हळू आवाजात. असे तीन-चार रविवार गेले, मधल्या संध्याकाळी गेल्या. अण्णांचं तोंड भिंतीकडंच होतं.

मग तो दिवस. मीही तिथं होतो. चौघं जण एका बंधाऱ्याशी पोचले होते. बंधाऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, पाणी एकाच बाजूला सोडता येईल, वरच्या गावाला सोडू का खालच्या? पडद्यावर दोन पर्याय आले. दाजींनी बोट बटणावर नेलं.

“थांबा,” अण्णा म्हणाले.

ते उठून बसले होते. माझ्या तोंडाशी लगेच प्रश्न आले, पण दाजींनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून मला गप्प केलं आणि दुसऱ्या हातानं कंट्रोलर खाली ठेवला. त्यांनी अण्णांकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ताई चहाचा कप घेऊन दारातच उभी राहिली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. गल्लीतून भंगारवाला ओरडत आला आणि ओरडत लांब निघूनही गेला. अण्णांचे ओठ हलत होते, एक शब्द आला आणि तो चुकीचा होता, त्यांनी मान झटकली, पुन्हा सुरुवात केली.

“खालचं… गाव. वरच्याला… हीर असंल.”

“बराबर आहे मामा,” दाजी म्हणाले, आणि बटण दाबलं. कौतुक नाही, टाळ्या नाहीत. पुढचं वाक्य वाचू लागले.

नंतर गॅलरीत मी त्यांना विचारलं, की तुम्हाला कसं सुचलं हे. ते म्हणाले, सुचलं काही नाही, मला खेळायचं होतं. मग म्हणाले, “ह्या खेळात घाई नसते बघ. आपलं ठरेस्तोवर समोरचा राक्षससुद्धा उभा राहतो. माझं डोकं आधीपासून सावकाश चालतं. शाळेत, कंपनीत, सगळीकडं लोक पुढं निघून जायचे. म्हणून मी असलेच खेळतो.” वीस वर्षांच्या ओळखीत दाजी स्वतःबद्दल एवढं सलग कधी बोलले नव्हते.

त्या दिवसापासून त्या घरात सासरा-जावयाची रोजची बैठक सुरू झाली. अण्णांनी कंट्रोलर डाव्या हातात धरायला शिकून घेतलं. त्यांची खेळण्याची रीत दाजींहून निराळी निघाली. लढाईत त्यांना रस नव्हता, पाण्यात होता. एखाद्या गावात पाट चुकीच्या उतारावर काढलाय असं त्यांना दिसलं की ते गेम थांबवायला लावत, आणि तुटक तुटक शब्दांत, हातानं उतार दाखवत, ज्यानं कुणी हा गेम बनवला त्याला रान ठाऊक नाही हे सिद्ध करत. दाजींनी साठवलेली मुळी त्यांनी पहिल्याच आठवड्यात जखमी सोबत्यांना वाटून टाकली. दाजी कळवळले. अण्णा म्हणाले, “माणूस… पडलाय… आन् तुमी… पिशवी बघता?” हे त्यांचं आजारानंतरचं सगळ्यात लांब वाक्य होतं, त्यामुळं दाजींना वाईटही वाटेना. सरावाच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला सावध केलं, की गेमनं वाचा येते असं गावभर सांगू नका, सराव आणि वेळ ह्यांचाही त्यात वाटा आहे. पण जाताना त्या थोडा वेळ खाटेच्या कडेला बसून खेळ बघत राहिल्या, आणि पुढच्या खेपेला छत्रीचे पत्ते आणायला विसरल्या.

दसऱ्याच्या सुमाराला अण्णा सोयगावला परत गेले. बोलणं संथ झालंय, पण आपलं म्हणणं पुरं करतात. नदीच्या उगमाला पोचायला थोडंच राहिलं होतं, तरी थांबले नाहीत, कापूस वेचायला आला होता. गावात कुणी विचारलं, की शहरात कशानं फरक पडला, तर मालिश केली म्हणून सांगतात. दाजी अधूनमधून फोन करून पुढं काय करायचं ते विचारतात. अण्णा आधी रानात असल्याचं सांगतात, आणि मग अर्धा तास फोन ठेवत नाहीत.

मागच्या रविवारी मी ताईकडं गेलो होतो. दाजी टीव्हीसमोर एकटेच बसले होते. मी म्हटलं, आज मी खेळतो तुमच्याबरोबर. त्यांनी आनंदानं कंट्रोलर दिला. एका गावच्या पाटलानं काहीतरी विचारलं, मी वाचलं आणि बटण दाबलं. पुन्हा काही आलं, पुन्हा दाबलं. दाजींचं खेळात लक्ष नाही हे मला कळलं. मी विचारलं, चुकलं का माझं?

“नाय रे, चुकलं कुठं. मामा इथं असते तर त्यांनी आधी पाटलाच्या घरात किती माणसं आहेत ते मोजलं असतं, म्हणून आठवलं.” मग ते जरा हसले. “आन् त्यांचं ठरलं ना, की ते डाव्या अंगठ्यानं भुवई घासतात. दोनदा. मग बोलतात. तू बघितलं असशीलच.”

मी बघितलं नव्हतं. बेचाळीस वर्षं मी त्यांचा मुलगा आहे, लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलोय, आणि ते कधी काय ठरवतात, कसं ठरवतात हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी कंट्रोलर बाजूला ठेवला आणि विचारलं, अजून काय करतात? दाजींनी पाय पसरले, भिंतीला पाठ टेकली आणि सावकाश सांगायला लागले. ताईनं जेवायला दोनदा हाक मारली. दाजी सांगत होते आणि मी माझ्या वडिलांविषयी ऐकत बसलो होतो.