माझ्या आठ वाट्या आणि राहूदे भाऊजी

आमच्या समोरच्या दारातले भाऊजी कुठलीही गोष्ट बंद करत नाहीत. दिवा, पंखा, रेडिओ, कपाट, सगळं चालू नाहीतर उघडं. टोकलं की उत्तर ठरलेलं, "राहू दे वहिनी, परत लागेलच." त्यांचं खरं नाव जिन्यात आता कुणाला आठवत नाही. सगळे राहूदे म्हणतात. दारही उघडंच, म्हणून मला त्यांच्या घरातलं जरा जास्त कळतं. मी मुद्दाम डोकावत नाही. दिसतं!

भाऊजी घरी बसून वेबसाइटी करतात. डोळ्यांच्या एका दवाखान्याची त्यांनीच केलेली. दर सोमवारी दहाला तिथे आठवड्याचे नंबर लागतात, आणि लागोपाठ दोन सोमवार ती दहा वाजून तीन मिनिटांनी आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, "पुन्हा पडली तर काम दुसऱ्याला देईन." फोन स्पीकरवर. मी तरी काय करू?

तिसऱ्या सोमवारी साडेनऊला मी गेले ती भांडायला. माझ्याकडे नणंदेची सासरची माणसं येऊन बसलेली आणि घरात एक वाटी नाही.

"भाऊजी, माझ्या वाट्या?"

"कुठल्या?"

"एकेक करून नेलेल्या आठ. त्या काय ओट्यावर! एकीत तरी काही आहे का?"

"परत लागतील म्हणून राहू दिल्या हो..."

"तुम्हाला लागतील तेव्हा लागतील. माझी माणसं आत्ता ताटकळलीत!"

भाऊजी एकदम वळले आणि त्यांनी स्क्रीनवर कसलीशी यादी उघडली. वाट्या राहिल्या बाजूला, मी खुर्ची ओढली.

"काय हो हे?"

"कुणी पान उघडलं की सर्व्हरवरचा एक कामगार, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, नंबरांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसशी जोडणी करतो. दर वेळी नवी कशाला, म्हणून मी लिहिलं होतं, एकदा जोडली की काम झालं तरी सोडायची नाही."

"म्हणजे राहू दे."

"राहू दे," ते ओशाळले. "कामगार दीडशे, आणि डेटाबेस जोडण्या देतो शंभरच. दहाच्या गर्दीत शंभर संपल्या की साइट आडवी."

मीच बोट फिरवून मोजलं. एकोणनव्वद धरलेल्या, काम करत होत्या चार. बाकीच्या झोपलेल्या.

"नवी जोडायला किती वेळ लागतो?"

"डेटाबेस त्याच मशीनवर आहे. पापणी लवायच्या आत."

"मग धरून का बसलात?"

"मोजलंच नव्हतं कधी."

त्यांनी एक ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. पाहुण्यांना विसरून मी तिथेच बसले. दहा वाजून तीन. चार. पाच. माझ्या फोनवर गुरुवारी साडेचारचा नंबर लागला. माझे डोळे ठणठणीत आहेत, पण खात्री नको करायला? लगेच रद्दही केला, कुणाची तरी सोय होईल.

भाऊजी इतके हरखले की वाट्या उचलून स्वतः पोचवायला निघाले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मागे दार ओढून घेतलं. खट्. किल्ली आत. आत फोन वाजायला लागला.

"बाईंचा असणार! काय म्हणत असतील?"

"काय म्हणणार? नंबर लागतायत, मी बघितलं ना! आणा त्या वाट्या."

भाऊजी दाराला कान लावूनच उभे. आठही वाट्या छातीशी धरून.