रुमाल टाकलेली जागा

माझ्या स्कूटरला चार चाकं होती. दोन कंपनीची आणि दोन साकीनाक्याच्या एका गाळ्यात मागच्या बाजूला बसवून घेतलेली. डाव्या पायाला पोलिओ, त्यावर मांडीपासून चामडी पट्टे आणि लोखंडी सळ्यांचा कॅलिपर. असली बाई आग्रा रोडवरून मुलुंड ते घाटकोपर रोज एकटी ऑफिसला जाईल, यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नव्हता. मला जमलं. ऐंशी सालानंतरचे ते दिवस, रस्त्यात खड्डे होते पण गाड्या आजच्या मानाने कमी. रस्त्याने मला कधी फारसं छळलं नाही. मी दमायची ती घरी पोचल्यावर.

चार चाकांची स्कूटर दोन गाड्यांच्या मधे शिरत नाही. शिवाय उतरताना मला धरायला काहीतरी लागतं. आमच्या इमारतीखाली अशी जागा एकच होती, जिन्याच्या पायथ्याशी, कठड्याला लागून. तिथे स्कूटर लावली की कठडा धरायचा, पाय ओढून घ्यायचा आणि तळमजल्यावरच्या आमच्या दारात हजर. पण तिथे रोज कुणाची ना कुणाची गाडी उभी असायची. मग मी कंपाउंडमध्ये स्कूटरवर बसल्या बसल्या वर बघून हाक मारायची, ज्याची गाडी असेल तो हातातलं काम टाकून खाली यायचा, आणि तोवर सगळ्या खिडक्यांमधून बायका मला सांगायच्या, "थांब हं, येतील."

हाकांचा मला वीट आला होता. लहानपणापासून मी हाकाच मारत आले. पाणी हवंय, हाक मार. मोरीत जायचंय, हाक मार. शाळेच्या जिन्यापाशी बसून राहायचं आणि वरच्या वर्गातलं कुणी उचलून न्यायला येईपर्यंत हाका मारायच्या. आई म्हणायची, "हाक मारायला काय पैसे पडतात?" पैसे पडत नाहीत, खरं आहे. पण ज्याला कधी मारावी लागत नाही त्यालाच ती फुकट वाटते. नोकरी लागली, मुलुंडला एकटीने बिऱ्हाड केलं, स्कूटर आली, तेव्हा मला फक्त एकच गोष्ट हवी होती. संध्याकाळी यावं, गाडी लावावी, कुलूप उघडून घरात शिरावं आणि मी आल्याचं कुणाला कळूसुद्धा नये.

ऑफिसात एकजण म्हणाले, परदेशात अपंगांना गाडी लावायचा परवाना मिळतो. म्हणून मी ट्रॅफिकच्या चौकीत विचारायला गेले. हवालदार भला माणूस होता. त्याने स्टूल दिलं, चहा विचारला आणि म्हणाला, "ताई, असा काही परवाना नसतो. तुम्ही लावा ना बिनधास्त, कोण बोलणार तुम्हाला?" बोलणार कुणीच नव्हतं. पण लिहूनही कुणी देणार नव्हतं, आणि नुसत्या दयेवर गाडी उभी राहत नाही.

हे मी आमच्या सेक्रेटरी काकांना सांगितलं. काका पहिल्या मजल्यावर राहायचे. मूळचे मालवणकडचे, गिरणीत नोकरी, गिरणी बंद पडल्यावर घरी बसले आणि वेळ जाईना म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी झाले. ते म्हणाले, "सरकार देत नाय? मगे आपण देवया. तू अर्ज कर."

अर्ज केला. मीटिंगमध्ये एका सभासदाने तोंड उघडलं, "आज हिला जागा दिली तर उद्या सगळेच लंगडत येतील." काका ताडकन उठले. "येवा ना लंगडत! पाय दी नि जागा घी!" तरी कमिटीने डॉक्टरचा दाखला मागितलाच. मग सरकारी हॉस्पिटलच्या खेपा. आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही, परवा एक्स-रे आणा. ज्या पायाकडे रस्त्यावरचं पोरसुद्धा बोट दाखवतं, तो अधू आहे हे सिद्ध करायला मला सगळी रजा घालवावी लागली. प्रत्येक खेपेला काका सोबत होते. मी बाकड्यावर बसायची, ते माझ्या जागी रांगेत उभे राहायचे. शेवटी दाखला हातात पडला, त्यावर साठ टक्के अपंगत्व लिहिलेलं. काकांनी तो वाचला आणि हॉस्पिटलच्या दारातच ओरडले, "फर्स्ट क्लासात पास झालंस गो बाये!" मी इतके दिवस चिडलेली होते, त्या दिवशी पोट धरून हसले.

ठराव झाला. सोसायटीचा गोल शिक्का मारलेलं पत्र मला मिळालं. काकांनी स्वतः पिवळा रंग आणून जिन्यापाशी चौकोन आखला आणि भिंतीवर पाटी लावली, 'अपंगासाठी राखीव'. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून जवळजवळ गाणं म्हणत परत आले. गेटातून आत वळले आणि बघते तर पिवळ्या चौकोनात काकांची स्कूटर.

"काका!" मी हाक मारली.

काका लुंगी सावरत खाली आले, चेहऱ्यावर कसलं ते समाधान. "मी नाय लावलंय तर दुसरो कोणतरी लावीत. मगे तू काय करशीत? मी जागा धरून ठेवलंय तुझ्यासाठी. एसटीत रुमाल टाकतंव ना, तसा!"

गावी जाताना हा माणूस एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून अख्ख्या कुटुंबाच्या जागा धरायचा, आणि त्याचा त्याला अभिमान होता. रुमाल टाकला की जागा आपली, हा त्याच्या लेखी कायदाच होता. पाटीबिटी सगळं नंतर.

"काका, रुमाल उचलून खिशात घालता येतो. तुमची स्कूटर मी कुठे घालू?"

"तू हाक मार गो. मी धावत येतंय."

आणि ते येत राहिले. तोंडाला साबण लावलेला असो, हात भाताने माखलेला असो, माझी हाक गेली की जिन्यावर चपला वाजायच्या. ते बाजारात गेले असले की मात्र माझी पंचाईत. ऑफिसातला संडास मला वापरता येत नसे, दुपारपासून मी अवघडलेली असायची. तशीच स्कूटरवर बसून राहायचं, आणि खिडक्या चालूच, "थांब हं, येतील." ज्याने जागा मिळवून दिली त्याच्यावरच रागावायचं, ही कसली शिक्षा होती! रागावताही येत नसे नीट.

एकदा मात्र मी बोललेच. "मला हाक मारायची नाहीये काका. त्यासाठीच तर सगळं केलं ना आपण?" त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर गेटापाशी लावली. मी आले तेव्हा पिवळ्या चौकोनात कुणाच्या तरी पाहुण्यांची फियाट उभी होती आणि काका हाताची घडी घालून गॅलरीत. "बघलंस?" ते म्हणाले. फियाटवाला सापडेपर्यंत काळोख पडला. त्यानंतर मी तो विषय सोडून दिला. कंटाळा आला की माणूस समजूतदार वाटायला लागतो, तशी मी समजूतदार झाले.

दोनेक वर्षांनी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणलं आणि त्यांच्या पुतण्याने स्कूटर गावी नेली. जिन्याजवळची जागा रिकामी झाली आणि गंमत म्हणजे रिकामीच राहिली. ती काकांची जागा, तिथे कसं लावायचं, असं सगळ्यांना वाटत होतं. माझ्या पाटीला जे जमलं नाही ते त्यांच्या आजारपणाने केलं. पहिल्या संध्याकाळी मी थेट आत आले, गाडी लावली, कठडा धरून उतरले, कुलूप उघडलं. आनंद झाला. लाज वाटली, पण आनंद झालाच, आणि तो आठवडाभर टिकला.

मग एका रविवारी काकू खाली आल्या. आत न येता दारातूनच म्हणाल्या, "बाये, एक सांगू? रागावू नको हां. तुझी गाडी गेटातून इली की ह्ये उठूक बघतत. उशीखाली चावी शोधतत. काल खाटीवरसून खाली पडले."

"स्कूटर गावी नेली म्हणून सांगा ना त्यांना."

"रोज सांगतंय. डोक्यात रवत नाय. तुझ्या गाडीचो आवाज तेवढो बरोब्बर वळखतत." मग चाचरत म्हणाल्या, "गेटाकडे इंजिन बंद करून ढकलत आणशीत काय?" त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"बघते मी काहीतरी," मी म्हटलं.

सोमवारपासून मी गेटाबाहेर, इस्त्रीवाल्याच्या गाडीशेजारी स्कूटर लावू लागले. तिथून जिन्यापर्यंत कंपाउंड चालत ओलांडायचं. धरायला काही नाही, भिंतीला हात टेकत टेकत. कॅलिपर वाजू नये म्हणून पाय उचलण्याऐवजी घासत न्यायचा. पहिल्या दिवशी पोचले तेव्हा घामाने भिजले होते. जिन्याचा कठडा धरून जरा उभी राहिले. शेजारी पिवळा चौकोन रिकामा, वर माझी पाटी. पहिल्या मजल्यावर काहीच हालचाल नव्हती. मी हळूच कुलूप उघडलं आणि आत गेले. हाक न मारता घरी आले होते. कुणाला कळलंसुद्धा नाही.