मधमाश्यांना दिलेला धूर

परवा पहाटे पिंप्राळ्यात कुणीतरी ओला पाला पेटवला होता. तो कडवट धूर नाकात गेला आणि मधमाश्यांच्या पेटीजवळ उभी असलेली आई आठवली.

त्या हिवाळ्यात पारा सहा अंशांवर उतरला होता. परसात आमची एकच पेटी. मी तिला गोणपाट गुंडाळलं होतं, आत साखरेचा पाक ठेवला होता. तरी दोन दिवस एकही माशी बाहेर दिसली नव्हती. सकाळी पाहतो तो आईने पेटीशेजारी पाला पेटवलेला.

"अगं आई, आग लागली समजून घर सोडतील त्या!"

"थंडीमा केयीले धूर देतस, मंग यास्ले काबर नही?" केळीला देतात तर माश्यांना का नाही, असं म्हणाली, पण पेटलेल्या पाल्यावर बादलीभर पाणी तिनेच ओतलं.

या गारठ्यात माश्या बाहेर पडल्या तर जमिनीवर पडून मरतील, याची मला भीती होती. धूर विरल्यावर पेटीला कान लावून बोटाने ठोकलं. जिवंत माश्या अशा वेळी गुणगुणतात. आतून काहीच ऐकू आलं नाही.

"जोरमा ठोकू नको रे, पाव्हना उना समजीसन चहा मांडतीन."

मी पुन्हा ठोकलं. आत बारीक गुणगुण उठली आणि विरली.

"शेतस रे, बठ्ठ्या शेतस!"

सगळ्या आहेत म्हणाली खरी, पण पेटीवर ठेवलेला तिचा हात थरथरत होता. तिला थंडी वाजतेय असं समजून मी तिच्या अंगावर शाल टाकली. आपल्या धुराने त्या मेल्या की काय म्हणून आई घाबरली होती, हे आता कळतं.