चाळीसची सोडली, वीसची राहिली

छगन गाडिलकर आमटीत गोळी टाकतो, असं आमच्या गावात बोललं जायचं. मोठ्यानं कुणी बोलत नसे, कारण मोठ्यानं बोललं तर आमटी बंद होईल ही भीती. पण डेअरीच्या रांगेत, पारावर आणि विशेषतः त्याच्याच पंगतीत सहावी वाटी ओरपताना माणसं शेजारच्याच्या कानाला लागायची. "गोळी हाय त्यात. न्हाईतर येवढं तिखट पिऊन छाती कशी पेटत न्हाई?" कुणी म्हणे अफूची, कुणी म्हणे गुंगीची. एकानं तर ती जनावरांच्या डॉक्टरकडनं येते, असं त्या डॉक्टरच्या नावागावासकट सांगितलं होतं. पुरावा काय, तर एका यात्रेत छगनच्या मसाल्याच्या पेटीचं कुलूप उघडं राहिलं आणि काकासाहेब केटरर्सचे मालक काकासाहेब यांची मान सहज म्हणून आत गेली. दगडफूल आणि दालचिनीच्या मधे चकचकीत चंदेरी पाकिटं! काकासाहेबांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त ज्याला त्याला "कुणाला सांगू नको" एवढं बजावलं.

सुप्याच्या एमआयडीसीपासून आत सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. कारखान्यात कामाला जाणारी पोरं दुपारी डबा खातात आणि रात्री मोबाईलवर पिझ्झा बघतात, पण चैत्रातल्या यात्रेला शिपी आमटीच लागते. ज्याला ती माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. डाळी शिजवून घोटायच्या, भाजलेलं खोबरं, कांदा आणि काळा मसाला घालून काहिलीत उकळायच्या, आणि भाकरी हे निमित्त ठेवून वाट्यावर वाट्या प्यायच्या. दुसऱ्या दिवशी काय होतं, त्यावर गावात चर्चा करत नाहीत.

या आमटीला आमच्याकडं दोन नियम आहेत. देवाला उष्टं चालत नाही, म्हणून नैवेद्य जाईपर्यंत आचाऱ्यानं बोटभरसुद्धा चाखायची नाही. मीठ पडतं ते हाताच्या अंदाजानं. छगनचा हात जाड्या मिठाच्या गोणीत गेला की बोटांना वजन कळायचं. सहाशे माणसांची आमटी, आणि चाळीस वर्षांत कधी खडाभर इकडं-तिकडं नाही. दुसरा नियम आचाऱ्याच्या वाटीचा. नैवेद्य गेला की आचाऱ्यानं चुलीजवळ उभं राहून, सगळ्यांसमोर, एका दमात एक वाटी रिकामी करायची. मग पंगत बसणार. म्हणजे काही बरं-वाईट असलं तर आधी आचारी जाईल. आमचे पूर्वज फार विचारी होते.

आता छगनची भानगड. अकरा वर्षांपूर्वी त्याचे गुडघे धरले. नगरच्या एका डॉक्टरनं दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि त्यांनी पोटात आग पडू नये म्हणून सकाळी अनशापोटी घ्यायची ॲसिडिटीची एक गोळी लिहून दिली. चौदा दिवसांसाठी. गुडघे बरे झाले, दुखण्याच्या गोळ्या सुटल्या, पण ही चौदा दिवसांची गोळी छगननं अकरा वर्षं चालवली. मधे एकदा दोन दिवस विसरला तर छातीत असा वणवा पेटला की त्यानं कानाला खडा लावला. मेडिकलवाल्याला तर कागद दाखवायचीही गरज उरली नव्हती. लांबून छगनची टोपी दिसली की तो पाकीट काढून ठेवायचा. आमच्याकडं मेडिकलवाला तोंडओळखीचा झाला की माणूस ठणठणीत आहे असं धरतात.

हे सगळं त्यानं बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नाही. बरोबरच आहे. साऱ्या पंचक्रोशीला तिखट पाजणारा आचारी, आणि त्याच्याच छातीत जळजळ! पोहायला शिकवणाऱ्यानं कंबरेला भोपळा बांधून हिंडावं तसं ते.

गेल्या वर्षी यात्रेत घात झाला. छगननं मिठात हात घातला आणि बोटं काही बोलेनात. मुंग्या आलेल्या, जशी दुसऱ्याची बोटं. अंदाज लागेना म्हणून त्यानं आणखी एक ओंजळ टाकली, आणि मनाच्या समाधानासाठी आणखी एक. आचाऱ्याच्या वाटीला त्याचा चेहरा उतरला, पण वाटी त्यानं संपवली. गाव सभ्य. तोंडावर कुणी अक्षर बोललं नाही. पाण्याचे दोन टँकर संपले, एवढंच.

काकासाहेब मात्र सांत्वनाला आले. "तात्या, वय झालं आता. हात थकतो माणसाचा. फुडल्या यात्रेला आमचा टेम्पो हुबा करू का? गॅसवर करतो. पनीर बी ठेवू."

यात्रा कमिटी बसली. एक वर्ष आणखी छगनला द्यायचं, आमटी पुन्हा बिघडली तर काहील काकासाहेबांकडं, असं ठरलं. जमीन छगनला बेताची, पोरं आपापल्या कामाला लागलेली. त्याचं म्हणून जगात जे काही होतं, ते त्या काहिलीपाशी होतं.

त्याची बायको चांगुणा फार शिकलेली नाही, पण घरात डोकं एकच आहे आणि ते तिच्या पदराखाली आहे, हे गावाला माहीत आहे. तिनं त्याला धरून सुप्याला डॉक्टर निकिताकडं नेलं.

"काका, कुठलं औषध चालू आहे?"

"कुटलंच न्हाई."

चांगुणानं पिशवीतनं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "ही हाय की. अकरा वर्सं झाली. पर ही त्ये औषधात धरत न्हाईत."

रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. ही गोळी पोटातलं ॲसिड कमी करते. वर्षानुवर्षं घेतली तर अन्नातलं बी-ट्वेल्व्ह अंगी लागेनासं होऊ शकतं. त्यात काका माळकरी, अंडंसुद्धा नाही. बोटांच्या मुंग्या त्याच्याच. "इंजेक्शनं सुरू करू. आणि ही गोळी तुम्हाला आता लागतच नसावी. ती सोडवू. पण काका, एकदम नाही हं. हळूहळू."

छगननं 'सोडवू' एवढं ऐकलं आणि तो मनानं तिथून उठला. आमच्याकडं कुठलीही गोष्ट सोडायची म्हटली की ती डॉक्टरपुढं सोडत नाहीत, देवापुढं सोडतात. दारू, विडी, मशेरी, भाऊबंदकीतला अबोला, सगळं. रविवारी जीप पकडून गडी पाथर्डीमार्गे मढीला गेला, कानिफनाथांपुढं रेवड्या ठेवल्या, रेवड्यांवर गोळ्यांचं कोरं पाकीट ठेवलं आणि हात जोडले. "नाथबाबा, सोडली. आता तोंडाला लावली तर तुजी आन." येताना जीपमध्ये म्हणे तो अभंग गुणगुणत होता.

दोन दिवस अभंग चालले. तिसऱ्या दिवशी बंद पडले.

अकरा वर्षं झाकण ठेवून दाबलेली चूल झाकण काढल्याबरोबर काय करते? तेच झालं. घशापर्यंत आंबट, छातीत निखारे, ढेकर असा की बैलानं दावं तोडावं. बसावं तर जळजळ, आडवं व्हावं तर त्याहून जास्त. दवाखान्यात जायची लाज, आणि गोळी घ्यावी तर नाथांची आण. इतक्यात गावाला सुगावा लागला की तात्याला 'काहीतरी' झालंय. मग काय, सल्ल्यांना सुगी आली. कुणी थंड दूध सांगितलं, कुणी दूध अजिबात नको सांगितलं. एकीनं कोरफड आणून दिली, एकानं खायचा सोडा, आणि ज्याला स्वतःला उभ्या आयुष्यात पचलं नाही त्यानं पचनावर तासभर व्याख्यान दिलं. छगननं सगळ्यांचं सगळं घेतलं. आठ दिवसांत त्याच्या सदऱ्यात दुसरा एक छगन मावला असता.

नवव्या दिवशी चांगुणानं पुन्हा सुप्याची वाट धरली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, एकदम बंद केलीत? अहो, इतक्या वर्षांची गोळी अचानक थांबवली की पोट सूड उगवल्यासारखं जास्त ॲसिड करतं. काही आठवडे चालतं ते. दुखणं परत आलं असा अर्थ नाही त्याचा. आपण चाळीस मिलिग्रॅमच्या जागी वीसची देऊ, महिनाभर. मग एक दिवसाआड. मग बंद."

छगन मान खाली घालून बसला. "मॅडम, नाथाफुडं सोडलीया. आता घेतली तर आन मोडंल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरकीच्या पुस्तकांत आणेवर धडा नसावा.

चांगुणानं नवऱ्याकडं बघितलं. "अवं, देवाफुडं कुटली ठिवली हुती?"

"हीच की. रोजची."

"रोजची म्हंजी चाळीसची ना?"

"व्हय."

"मंग वीसची कवा सोडली तुमी?"

"असं कसं चालंल गं? देवाला कळत न्हाई व्हय?"

"कळतंय म्हनून तर! पाकिटावर चाळीस लिवलं हुतं, नाथानं वाचलं आसंल. न लिवलेलं कशाला धरंल त्यो? लिवा वो मॅडम, वीसची."

बाईंनी हसू दाबत लिहिली. धर्मशास्त्रातले एवढे मोठे निर्णय पूर्वी काशीला व्हायचे. आता सुप्याला होतात.

तिथून पुढं खरं काम सुरू झालं, आणि त्यात गमतीचं फार काही नाही. रोज वीसची, महिनाभर. मग दिवसाआड. ज्या दिवशी गोळी नाही त्या दिवशी दुपारनंतर जळजळ ठरलेली. त्यावर बाईंनी दिलेलं पांढरं पातळ औषध दोन चमचे. चहा दोन कपांवर आला. जेवण दिवस मावळायच्या आत, आणि जेवल्यावर लवंडायचं नाही. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. त्या विटा बघून शेजारणीनं गावभर केलं की चांगुणानं नवऱ्यावरची कसलीतरी करणी उतरवायला घेतली आहे. चांगुणा म्हणाली, "उतरवायला न्हाई, चढवायला. उसं वर करायला सांगितलंय." यानं करणीची बातमी पक्की झाली.

दिवाळीच्या सुमारास वीसचीही सुटली. छगन पुन्हा मढीला निघाला होता, चांगुणानं जाऊ दिलं नाही. "ही घरीच सोडा. पुन्यांदा काय अडलं तर दहाची मिळती का, मला ठावं न्हाई."

छातीचं निम्मं मिटलं, पण खरी काळजी हाताची. इंजेक्शनांनी मुंग्या हळूहळू ओसरत होत्या, अगदी नखाइतक्या रोज. संध्याकाळी चांगुणा मिठाचं डबडं आणि किराणा दुकानातनं आणलेला तराजू घेऊन बसायची. छगननं डोळे मिटून ओंजळ भरायची आणि वजन सांगायचं.

"पावशेर."

"साडेतीनशे! आनी म्हनं आचारी!"

असं रोज. संक्रांतीपर्यंत तिची ही कौतुकं चालली. फाल्गुनात एका संध्याकाळी त्यानं पावशेर म्हटलं, तिनं तोललं आणि काही न बोलता तराजू उचलून ठेवला. चांगुणाच्या तोंडून एवढी मोठी शाबासकी त्याला लग्नापासून मिळाली नव्हती.

यात्रा आली. काकासाहेबांचा टेम्पो देवळामागं उभाच होता, नुसता सावलीला म्हणून. काहील चढली तसे काकासाहेब कमिटीला घेऊन पुढं आले. "आमचं काय म्हननं न्हाई. पर आंदी तात्याची पेटी उघडा. गावाच्या जिवाचा प्रश्न हाय."

छगननं कुलूप काढलं. दगडफूल, दालचिनी, शहाजिरं, नाकेश्वर, कापडात बांधलेला काळा मसाला. काकासाहेबांनी हात घालून तळापर्यंत उपसलं. हाताला मिरची लागली, तोच हात त्यांनी डोळ्याला लावला आणि पुढचा अर्धा तास ते हौदावर होते. गावाच्या जिवाचा प्रश्न तेवढा वेळ थांबला.

छगननं मिठात हात घातला. या वेळी तो घाईत नव्हता. मूठ वर काढली, थांबला, चिमूटभर परत सोडलं आणि बाकीचं काहिलीत टाकलं. पुन्हा ओंजळ, पुन्हा थांबला. लांब भाकरी थापणाऱ्या बायकांत चांगुणा होती. तिची भाकरी तव्यावर करपली, तिला कळलं नाही.

नैवेद्य गेला. आचाऱ्याची वाटी भरली. अकरा वर्षांत यात्रेच्या सकाळी गोळी न घेता त्यानं ही वाटी तोंडाला लावली नव्हती, हे त्या सहाशे माणसांत दोघांनाच माहीत होतं. त्यानं डोळे मिटले आणि घटाघटा प्यायला. वाटी खाली आली. घाम आला, तो तिखटाचा. मग नुसता उभा राहिला, छातीवर हात ठेवून, जसं आत कुणी हाक मारतंय का ते ऐकतोय. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत.

"मीठ बराबर हाय," तो म्हणाला. "बसा."

पंगत बसली. काहील दोन तासांत कोरडी झाली. चौथ्या वाटीला एक म्हातारबा छगनला जवळ बोलावून म्हणाले, "तात्या, आमटी झ्याक झाली. पर पहिल्यासारखी न्हाई लागत. गोळी टाकायची इसरलास का?" आजूबाजूच्या दहा-बारा माना गंभीरपणे हलल्या. ज्यांना पूर्वी गोळीची भीती वाटत होती, त्यांना आता तिची आठवण यायला लागली होती. छगननं म्हातारबांना पाचवी वाटी वाढली. काकासाहेब लाल डोळ्यांनी सात प्याले, चौकशी पूर्ण व्हावी म्हणून.

संध्याकाळी छगनला थोडी जळजळ झाली. दोन चमचे पांढरं औषध घेऊन तो विटांवरच्या खाटेवर झोपला आणि सकाळपर्यंत झोपला. काहील पुढच्या वर्षीही त्याच्याकडंच आहे.

पेटीतली ती चंदेरी पाकिटं छगनची स्वतःची होती. त्यातली एक गोळी तो रोज सकाळी स्वतः घ्यायचा. आमटीत त्यानं गोळी कधीच टाकली नाही.