ऑलिम्पिक आणि खालच्या मजल्यावरचे काका

प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात असं नुसतं म्हणणारी माणसं पुष्कळ असतात, पण त्या दोन्ही बाजू स्वतःच लढवणारा, आणि त्याही लेखी, असा आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांसारखा माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा सापडायचा नाही. काका मूळचे मिरजेचे. तरुणपणी गिअरबॉक्सच्या कारखान्यात नोकरीला म्हणून म्युनिकला आले, इथेच निवृत्त झाले, जर्मन पासपोर्ट घेतला आणि त्याच्याबरोबर या देशाला शिस्त लावायची जबाबदारीही घेतली. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर ऑर्डनर आहेत, म्हणजे कागद लावायच्या त्या जाडजूड फायली. प्रत्येक विषयाच्या दोन. डावीकडची 'बाजूने', उजवीकडची 'विरुद्ध'. आमच्या इमारतीत लिफ्ट बसवायची टूम निघाली तेव्हा काकांनी हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कचेरीला, लिफ्ट का हवी याचं दोन पानी पत्र धाडलं आणि आठवड्याभरात लिफ्ट का नको याचं तीन पानी. तिथल्या बाईंचं उत्तर आलं, "आपली दोन्ही पत्रं मिळाली. दोन्ही पटली." लिफ्ट अजून आलेली नाही.

मी स्टुटगार्टहून बदली होऊन इथे आले त्या दिवशी माझं सामान अजून जिन्यातच होतं आणि काका खालून ओरडले, "अगं ए, रविवारी ड्रिल चालवायचं नाही हं!" माझ्याकडे ड्रिल नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कचऱ्याचे चार डबे समजावून सांगितले, आणि तिसऱ्या दिवशी माझा कचरा तपासला. दह्याच्या डब्याचं झाकण वेगळं न काढल्याबद्दल मला जे ऐकावं लागलं तेवढं मी दहावीच्या गणिताबद्दलही ऐकलेलं नाही. नव्याने नागरिक झालेल्या मराठी मंडळींसाठी तर ते पोस्टाने मत कसं द्यायचं याचा वर्गच घेतात. चहा, चकली आणि नमुन्याचा कागद. "गोलात फुली मारायची. बास! नाव नाही, सही नाही, खाडाखोड नाही. कागदावर दुसरं काही म्हणजे काहीही दिसलं तर मत बाद." एकदा एका पीएचडीवाल्याने विचारलं, "काका, फुलीऐवजी बरोबरची खूण केली तर?" काका म्हणाले, "तू आधी चकली संपव," आणि त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू केलं.

इतका नियमांचा माणूस, पण त्यांना स्वतःला एक खोड होती. कागद समोर आला की त्यांचा हात आधी वर मधोमध 'श्री' काढायचा. भाजीच्या यादीवर श्री, हीटरच्या मीटरच्या फॉर्मवर श्री, धुण्याच्या खोलीत कोण मोजे विसरतं त्या तक्रारीवरही श्री. हाउसफेरवाल्टुंगच्या बाई तो त्यांचा जावक क्रमांक आहे असं समजून उत्तराच्या कागदावर त्याची हुबेहूब नक्कल काढून पाठवत. ही सवय काकूंनी लावलेली. नवरा सारखा कुणाला तरी कडक पत्रं लिहितो म्हटल्यावर त्यांनी लग्नानंतर नियमच केला होता, "आधी श्री, मग भांडण."

काकूंचा दुसरा नियम निकालाचा. काकांच्या डाव्या-उजव्या फायली फुगल्या, जेवणाच्या टेबलावर कागद मावेनासे झाले, की काकू हात पुसत स्वयंपाकघरातून येत आणि एका वाक्यात सांगत, "अहो, लिफ्ट नको. तुमच्या गुडघ्यांना जिना बरा." की झालं. काका दोन्ही फायली मिटवून निमूट पोळी खायला बसत. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून काकांच्या घरात फायली उघडतात, पण मिटत नाहीत. मी वरून डबा घेऊन जाते तेव्हा मला टेबलावर तो डबा ठेवायला जागा करावी लागते.

आणि अशात ऑलिम्पिक आलं. म्हणजे आलं नाही, यावं की नाही हे शहराला विचारण्यात आलं. ट्रामच्या थांब्याथांब्यावर फलक लागले. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, आताच भाडं परवडत नाही, खेळ आले तर आम्ही तंबूत राहायचं का? तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, त्या निमित्ताने तरी एस-बान, आपली लोकल, वेळेवर धावेल. काका बेकरीतही "जा, गेनाऊ", म्हणजे 'हो, अगदी बरोबर', म्हणाले आणि आजोबांनाही "जा, गेनाऊ" म्हणाले, आणि त्यांना दोन्ही वेळा तसंच वाटत होतं. चौकात 'हो'वाल्यांचं एक टेबल होतं आणि समोर 'नाही'वाल्यांचं. काकांनी दोघांची पत्रकं घरी आणली, दोन्हींतल्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला परत केली. 'नाही'वाल्या मुलीने आभार मानले. 'हो'वाल्यांनी त्यांना आपल्याकडे स्वयंसेवक म्हणून बोलावलं.

मी हसत होते. माझं हसू थांबलं ते काकांच्या श्रेबरगार्टनमध्ये. श्रेबरगार्टन म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा. तिथे कुंपणाची उंचीसुद्धा नियमाने ठरलेली, आणि काकांची घडीची मोजपट्टी कायम खिशात. तिथे ते टबात अळू लावतात. अळू ही भाजीच आहे, शोभेचं झाड नाही, हे बागसंघाच्या अध्यक्षांना तीन पत्रांत पटलं नव्हतं, ते काकूंच्या एका अळूवडीत पटलं. त्या बागेच्या मधोमध काकूंनी लावलेलं प्लमचं झाड आहे. त्याच्या कच्च्या फळांचं काकू कैरीसारखं लोणचं घालायच्या, आणि आता काका घालतात, जरा खारट. तर त्या झाडाखाली बसून काकांनी मला वर्तमानपत्रातला नकाशा दाखवला. खेळाडूंची वसाहत शहराच्या पूर्वेला होईल असं म्हणत होते. नक्की कुठवर पसरेल ते कुणीच सांगत नव्हतं. काकांनी नकाशावर मोजपट्टी ठेवली होती.

"जाईल बहुतेक हे," ते म्हणाले.

"मग सरळ 'नाही' म्हणा की काका!"

"तुला माहीत नाही. काकू सांगलीच्या संघातून खो-खो खेळायची. राज्यापर्यंत गेली होती, मग लग्न झालं आणि मी तिला इथे थंडीत आणून बसवलं. ऑलिम्पिक सुरू झालं की ही बाई टीव्हीसमोरून हलायची नाही. भालाफेक, तिरंदाजी, काहीही. मला म्हणायची, अहो, एकदा आपल्या गावात येऊ द्या, मी पहिल्या रांगेत बसेन. आपल्या गावात म्हणायची बघ. म्युनिकला."

काकांनी हॅम्बुर्गला राहणाऱ्या आपल्या मुलीला फोन केला तर तिने नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये सांगितलं, पापा, आई 'हो'च म्हणाली असती. काकांनी ते डाव्या फायलीत लिहून ठेवलं. मग झाडाला यंदा किती प्लम लागले ते उजव्या फायलीत लिहिलं.

मतपत्रिका पोस्टाने घरी आली. काकांनी ती फ्रिजवर लोणच्याच्या बरणीखाली ठेवली आणि तिथे ती तीन आठवडे राहिली. मी रोज विचारायचे, ते रोज म्हणायचे, "उद्या." इतरांना मुदतीच्या चार दिवस आधी पाकीट टाकायला लावणारे काका! मला मत नाही, माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. असतं तर एव्हाना त्यांच्या वतीने फुली मारून मोकळी झाले असते. शेवटी एका सकाळी मी चिडलेच. म्हटलं, "काका, आज नाही टाकलं तर पोचणार नाही. मग तुमचा वर्ग बंद करा." हे मात्र लागलं. ते उठले, बरणी उचलली, कागद काढला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मत गुप्त असतं ना! बराच वेळ पेन हलेना. मग हललं. आतलं पाकीट बंद, सहीचा कागद वेगळा, बाहेरचं पाकीट बंद. सगळं वर्गात शिकवतात तसं. आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो आणि काकांनी पाकीट आत सोडलं.

परत निघालो. दहा पावलांवर काका थांबले.

"अगं, मी वर श्री काढलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काहीही दिसलं तर मत बाद, हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून निदान सहा वेळा ऐकलेलं. मी म्हटलं, काका, थांबा, पोस्टवाला यायची वाट बघू, कचेरीत फोन करू, नवीन कागद मिळतो का विचारू, पत्र लिहू. पत्र! या माणसाने मोज्यांसाठी पत्रं लिहिलीत. काका पेटीकडे बघत उभे होते. मला वाटलं आता खिशातून पेन निघेल.

"राहू दे," ते म्हणाले. "मी फुलीच्या आधी काढलं ते. हात आपोआप गेला." आणि घराकडे वळले. चाल नेहमीपेक्षा हलकी वाटली मला. मला मात्र रडू येत होतं आणि ते का येतंय ते त्यांना सांगता येत नव्हतं.

शहर 'हो' म्हणालं. आता पुढे देश ठरवणार, मग जग ठरवणार, तोवर झाड आहे तिथे आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बागेत गेले तर काका प्लमखालची पानं गोळा करून बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी विचारलं, "आता तरी सांगा, फुली कुठे मारली होती?"

त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला. वर हो, खाली नाही आणि तळाला बारीक अक्षरांत बाद मतांची ओळ. त्या ओळीवर बोट ठेवून काका म्हणाले, "यातलं एक तुझ्या काकूचं."

मग त्यांनी तेवढं कात्रण मोजपट्टी लावून सरळ फाडून घेतलं. कुठल्या फायलीत लावणार, असं मी विचारणार होते. पण त्यांनी ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "चल, अळूचा टब आत घ्यायला हात लाव."