फाटकाला बांधलेल्या झोळ्यांच्या शोधात धुळ्याला

मामाच्या नातीच्या लग्नात आई तिची आवडती गोष्ट सांगत होती. तिची आई आणि आत्या धुळ्याच्या एका जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायच्या. तान्ह्या मुलांना ठेवायला तिथे जागा नव्हती. मग आत्याने बायकांना गोळा केलं आणि सगळ्यांनी मुलांच्या झोळ्या जिनच्या फाटकालाच बांधल्या.

मामा चारचौघांत म्हणाला, "अक्का, असं काही झालंच नव्हतं. तुला हल्ली काहीही आठवतं."

तिच्या विसरभोळेपणासाठी डॉक्टरकडे जायचं आमचं चाललंच होतं. त्यात हे. आईने ती गोष्ट सोडली, हळूहळू बोलणंही कमी केलं. शेवटी त्या गोष्टीचा पुरावा शोधायला मी रजा टाकली.

आमच्या दीपनगरहून आईला घेऊन रिक्षाने भुसावळ आणि पुढे रेल्वेने जळगाव, इथवर सोपं. तिथल्या एका वाचनालयात जुन्या साप्ताहिकांचे बांधीव अंक आहेत, पण आम्हाला हवी ती वर्षं वाळवीने खाल्लेली. "जाऊ दे व माय," आई म्हणाली, "नसंल झालं." जेवताना भरीत-भाकरीही तिने अर्धी ठेवली.

मुक्काम करून सकाळी पारोळ्यामार्गे धुळ्याला जाणारी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, आईसारख्या पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. आधार कार्ड जवळ ठेवा. वाचनालयाची सुट्टी फोन करून विचारा. जुन्या अंकांची झेरॉक्स मिळत नाही, परवानगीने फोटो काढता येतो.

धुळ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "कोणतं वर्ष, अक्का?"

"भाऊ रांगेबी ना तव्हय. थंडी व्हती."

मामा तेव्हा रांगतही नव्हता, म्हणून त्याच्या जन्मसालावरून बाईंनी हिशेब मांडला आणि दोन जाड खंड काढून दिले. दुपार कलली तेव्हा आतल्या पानावर, तेलाच्या जाहिरातीखाली, बातमी सापडली. बायांनी फाटकास झोळ्या बांधल्याने कापसाच्या गाड्या बाहेर खोळंबल्या. अखेर मालकाने मुलांसाठी पत्र्याची शेड बांधून दिली. मालकाचं नाव छापलं होतं, मध्यस्थाचंही. बायांपैकी एकीचंही नव्हतं.

मी मोठ्याने वाचलं. आई माझ्याकडे नाही, बाईंकडे बघत होती.

"बठ्ठं खरं शे ना?"

"हो, सगळं खरं शे, अक्का."

आईने पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसत त्या बायांचं एकेक नाव सांगू लागली. पहिलं आत्याचं, सखूबाई. बाईंनी विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. संग्रहात त्या बातमीबरोबर ठेवू म्हणाल्या.

रात्री शेवभाजीचा रस्सा आईने दुसऱ्यांदा मागून घेतला. मी पाठवलेला बातमीचा फोटो पाहून मामाचा फोन आला. त्याने विचारलं, "अक्का, मीबी होतो का त्या झोळीत?"

"बठ्ठास्मा जास्ती तूच रडे," आई म्हणाली. पलीकडून हसू ऐकू आलं.

घरी परतल्यावर डॉक्टरकडेही जाऊन आलो. गोळ्या सुरू आहेत. चष्मा कुठे ठेवला ते आई अजून विसरते, आणि पुढे आणखीही काही विसरेल. पण ती काही सांगू लागली की घरात आता कोणी मध्ये बोलत नाही. परवा मेथी निवडताना मी विचारलं, "सखूआत्या दिसायला कशी होती गं?"

"उंच व्हती," ती म्हणाली, आणि भाजी निवडून संपली तरी बोलत राहिली.